भाईंदरच्या गुलमोहराचा ताप

आमच्या सांगलीची माणसं फिरायला गोव्याला जातात, गणपतीपुळ्याला जातात, आणि मुलगा अमेरिकेत असला तर सगळ्या पेठेला सांगून अमेरिकेलाही जाऊन येतात. भाईंदरला मात्र कुणी फिरायला जात नाही. भाईंदरला माणसं राहायला जातात, आणि मग नातेवाईक त्यांच्याकडं लग्नाची पत्रिका द्यायला जातात. मी दोन हजार सातच्या मे महिन्यात चांगला आठवडाभर तिथं राहून आलो, हातात पत्रिका नसताना. परत आल्यावर जो भेटेल तो विचारू लागला, "काय बघितलंस तिकडं?" मी खरं सांगायचो, "एक झाड." मग समोरचा माणूस काळजीनं माझ्या बायकोकडं बघायचा. म्हणून शेवटी हे लिहून काढलं.

एक झाड बघायला एवढ्या लांब जायचं कारण म्हणजे आमचे दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. मुंबईत एका खासगी कंपनीत हिशेब बघतात, भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहतात, आणि दर दिवाळीला सांगलीला येताना सुक्यामेव्याबरोबर धंद्याची एक कल्पना घेऊन येतात. एका वर्षी शहामृगपालन होतं, एका वर्षी कोरफडीचा रस. दोन्ही वेळा मी वाचलो, कारण माझी बायको सुमन घरात होती. तिसऱ्या वेळी ती माहेरी गेली होती.

तिसरी कल्पना म्हणजे थर्मल कॅमेरा. हा कॅमेरा उजेड टिपत नाही, उष्णता टिपतो. गरम वस्तू पडद्यावर पिवळी दिसते, थंड वस्तू निळी. कुणी ताटात हळद, कुंकू आणि नीळ सांडून बोटानं फिरवावी तसं चित्र येतं. दाजींच्या ओळखीचा एक कंत्राटदार कारखान्यांतले विजेचे पॅनेल या कॅमेऱ्यानं तपासायचा. त्यानं काम बंद करून कॅमेरा विकायला काढला होता. दाजींनी इंटरनेटवर वाचलं होतं, की परदेशात यानं झाडं तपासतात. आतून कुजलेलं लाकूड उष्णता वेगळ्या तऱ्हेनं धरतं, त्यामुळे बुंध्यावर तेवढाच डाग वेगळ्या रंगाचा दिसतो. झाड न तोडता, न भोसकता आजार कळतो.

"दर पावसाळ्यात मुंबईत झाडं पडतात की नाही?" दाजी म्हणाले. "सोसायट्या किती? एकेका सोसायटीत झाडं किती? कर गुणाकार."

मी केला. गुणाकार हा शाळेपासून माझा आवडता विषय आहे, आणि माझं सगळं नुकसान त्यानंच केलंय.

"तू नर्सरीवाला, झाडांचा माणूस. मी हिशेबाचा माणूस. अजून काय पाहिजे?"

दोघांनी मिळून कॅमेरा घेतला. सुमन माहेराहून आली, तिनं तो हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाली, "याच्यात दोन म्हशी आल्या असत्या. आणि म्हशीला ताप आलाय का, हे हात लावून कळतं."

इंद्रलोक

नावावर जाऊ नका. अप्सरा दिसल्या नाहीत, पण इमारती भरपूर आहेत, आणि सगळ्या एकमेकींच्या इतक्या जवळ की एका घरात कुकरची शिट्टी झाली की तीन घरांतल्या बायका गॅस बारीक करायला उठतात. सांगलीत आमचं दार दिवसभर उघडं असतं. इथं आधी जाळीचं दार, मग लाकडाचं, मग साखळी. पण माझी बॅग खाली ठेवायच्या आत मजल्यावरच्या सगळ्यांना मी कोण, कुठला आणि कशाला आलोय ते माहीत झालं होतं. तेव्हा दारांचा नेमका उपयोग काय, ते कळलं नाही.

अक्का तर ओळखू येईना. स्वयंपाकघरात ती सांगलीची, दारात आली की हिंदी, आणि जिन्यात चक्क गुजराती. समोरच्या बाईंना ती सांगत होती, "भाभी, मेरा भाई आया है. झाड का डॉक्टर है." मी बॅगेच्या पट्ट्याशी उगाच खेळत उभा राहिलो. डॉक्टर म्हटल्यावर पोट थोडं आत घ्यावं लागतं.

त्या संध्याकाळी मी कॅमेऱ्याचं घरगुती प्रदर्शन मांडलं. दाजी पिवळे दिसले, फ्रिज निळा दिसला, खिडकीच्या कट्ट्यावरची मांजर दिव्यासारखी उजळली. अक्का म्हणाली, "एवढं तर मला चष्म्याशिवाय दिसतं."

ते मला लागलं. ओट्यावर आमटीचं स्टीलचं पातेलं होतं, नवं कोरं, लखलखीत. मी कॅमेरा त्याच्यावर धरला. पातेलं निळं. "बघ," मी म्हणालो, "तुला वाटतं आमटी गरम आहे. यंत्र सांगतंय थंड झालीय. डोळे फसवतात, यंत्र फसवत नाही." असं म्हणून मी पातेलं दोन्ही हातांनी उचललं.

चकचकीत धातूची उष्णता या कॅमेऱ्याला नीट दिसत नाही. त्यात समोरच्या थंड भिंतीचं प्रतिबिंब दिसतं. ही माहिती कॅमेऱ्याबरोबरच्या पुस्तिकेत दिलेली आहे, आणि ती मी त्या रात्री दोन्ही हात पाण्याच्या टोपात बुडवून वाचली. पानं दाजी उलटत होते. आमटी भिंतीवर होती. अक्का भिंत पुसत होती.

गुलमोहराखाली

दुसऱ्या दिवशी सोसायटीपुढं प्रात्यक्षिक होतं. सोसायटीचे चेअरमन जिग्नेशभाई. त्यांचं भाईंदर पश्चिमेला बाजारात कापडाचं दुकान आहे, माणूस हसतमुख, आणि मराठी असं बोलतात की आपणच आपलं मराठी तपासायला लागावं. आवारात कुंपणाच्या भिंतीजवळ एक गुलमोहर होता. मे महिना, झाड नुसतं पेटलेलं. त्याच्याखाली सिमेंटचं, हलवता येणारं एक बाक. संध्याकाळी तिथं बायका बसायच्या, आणि त्यांच्या मध्यभागी तांबेबाई.

तांबेबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. मूळच्या रत्नागिरीकडच्या, पुढं गिरगाव, आणि इमारत नवी असताना इथं आलेल्या. गुलमोहर त्यांनीच लावलेला. पहिली दोन वर्षं तर तिसऱ्या मजल्यावरून बादली उतरवून पाणी घालायच्या, असं अक्कानं सांगितलं.

मी भर दुपारी सुरुवात केली. कमिटीचे लोक सावलीत, मी उन्हात. पडद्यावर सगळंच पिवळं. जमीन पिवळी, भिंत पिवळी, गाड्या पिवळ्या. हे काम पहाटे, ऊन पडायच्या आधी करायचं असतं. तेही पुस्तिकेत होतं, पण मी पातेल्याच्या पानापुढं गेलो नव्हतो. तरी हिंमत न हरता मी बुंध्याच्या सावलीच्या बाजूला गेलो, आणि तिथं मला डाग दिसला. गुडघ्याच्या वरपासून छातीपर्यंत, रुंद, ठळक, गरम.

"मंडळी," मी म्हणालो, "रोग सापडला. इथं आत किडीची वसाहत आहे. कीड उष्णता सोडते. आकार बघा, खांद्यासारखा रुंद होत गेलाय. झपाट्यानं पसरणारी जात आहे."

सगळे पडद्याभोवती जमले. जिग्नेशभाईंनी फोनवर फोटो काढला. मग मागून वॉचमन मिश्राजींचा आवाज आला, "साहब, वहाँ तो हम टेका लगाए बैठे थे. आप लोग आए, तब उठे."

सांगलीत अशा वेळी माणसं मोठ्यानं हसतात आणि विषय संपतो. इंद्रलोकमध्ये ती चार भाषांत हसतात, आणि प्रत्येक भाषेतलं संपायला वेगळा वेळ लागतो.

पण जिग्नेशभाई हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला. "सांगलीवाले, मशीन एकदम फर्स्ट क्लास हाय. तुम्ही एक काम करा ना. लिवून द्या की झाड सडलेला हाय. त्याचा मूळ खालच्या पाण्याच्या टाकीमंदी घुसतेय, पाकळ्या गटरमंदी जातेत. मी किती वेळा बोलला, पण तांबेबाईच्या सामने कोण बोलणार? मशीन बोलला तर कोण काय बोलणार नाय. मी तुम्हाला आजूबाजूच्या सगळ्या सोसायट्या मिळवून देतो."

दाजी जरा लांब उभे होते, पण 'सगळ्या सोसायट्या' हे शब्द त्यांना बरोबर ऐकू गेले. त्यांचे डोळे गुणाकार करू लागले.

संध्याकाळी सभा होती. तिथं मी जे भाषण केलं त्याची आठवण झाली की अजून मी अंघोळ करताना मोठ्यानं गाणं म्हणायला लागतो. मी म्हणालो, की मी झाडांच्या घरात वाढलोय. मी म्हणालो, की खोटा दाखला देणाऱ्यांतला मी नाही. शेवटी मी झाडाकडं हात करून म्हणालो, "ज्याच्या सावलीत आपण बसलो, त्याच्याविरुद्ध खोटी साक्ष देणार नाही!" त्या सावलीत मी बसलोही नव्हतो. पण टाळ्या पडल्या. तांबेबाई उभ्या राहिल्या. "अहो सांगलीकर," त्या म्हणाल्या, "यंत्राचं मला कळत नाही. पण माणूस खरा दिसतोय." जिग्नेशभाईंनी पण टाळ्या वाजवल्या, हळूहळू, एकेक बोट मोजल्यासारख्या.

दाजी जिन्यात एवढंच म्हणाले, "झाड आधी तपासायचं, मग भाषण करायचं. क्रम चुकला तुझा."

सकाळी तांबेबाईंकडून घावणे आले, नारळाच्या दुधाबरोबर. आमच्याकडं घावण म्हटलं की माणसं 'म्हणजे पातळ धिरडं का?' असं विचारतात. मी पाच खाल्ले आणि प्रामाणिकपणा हा किती चवदार गुण आहे, याचा विचार करत हात धुतले.

घोडबंदर

त्या दिवशी दाजींनी रजा टाकली होती. त्यांच्या ऑफिसातल्या एका पाटलांचं घर घोडबंदरला आहे, त्यांच्या अंगणात जुनी चिंच आहे, ती बघावी असं ठरलं. काशीमिऱ्यापर्यंत रिक्षा, मग हायवेची धूळ, आणि मग अचानक सगळं थांबतं. एका बाजूला खाडी, भरतीचं पाणी तिवरांच्या मुळांत शिरलेलं, वर टेकाडावर किल्ला, आणि मासळीचा वास. इंद्रलोकपासून एवढ्याशा अंतरावर कोंबड्या रस्ता ओलांडताना बघून मला घरी आल्यासारखं वाटलं.

पाटील कामावर होते. त्यांची आई, हिराबाय, पडवीत बसून जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, निवडत होती. चिंच ठणठणीत निघाली. निदान मला तसं वाटलं. हिराबायला चिंचेची फिकीर नव्हती. तिनं कॅमेऱ्याकडं बोट केलं. "यो काय दावतं?"

"आजी, आत गरम कुठं आहे ते दिसतं. आत रोग असला तर कळतो."

"मानसाचा पन?"

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "तसं दिसतं थोडंफार."

"मंग चिंच ऱ्हाऊंदे. माजे गुरघ्याव धर."

धरला. डावा गुडघा निळसर, उजवा लालबुंद. "आजी, उजवा दुखतोय ना?"

हिराबायनं जवळ्याचं सूप बाजूला ठेवलं आणि अशी हाक मारली की खाडीपलीकडं ऐकू गेली असेल. "ए सुंदरे, इकरं ये! डाक्टर आयलाय!"

पुढचा सगळा वेळ मी चिंचेखाली बसून गुडघे बघितले. गुडघे, टाचा, एक सुजलेला गाल, एका बाईची कंबर, जिच्यावर तिनं सकाळीच तेलाचा शेक घेतला होता हे तिनं मी 'भयंकर आहे' म्हटल्यावर सांगितलं. मी सारखा सांगत होतो, मी डॉक्टर न्हाय, मला औषध माहीत न्हाय. त्यावर एक म्हातारा म्हणाला, "औसद आमाला ठावं हाय. तू फकस्त खरा दुखतं का त्या सांग. सून बोलतं मी नाटक करतंय." त्याचा खांदा खरोखरच पिवळा होता. तो पडदा त्यानं सुनेला बोलावून दाखवला. इतक्या समाधानानं माझ्या नर्सरीतून कुणी कधी गेलं नाही.

जेवायला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांचं कालवण होतं. मी तांबड्या रश्श्यावर वाढलेला माणूस, मला वाटलं होतं तिखटात मला कोण हरवणार. दुसऱ्या घासाला हिराबायनं न विचारता पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. "कॅमेरा लाव रं याच्या तोंडाला," ती म्हणाली, आणि सगळ्या पडवीनं मला पडद्यावर बघून घेतलं.

परतताना रिक्षात दाजी म्हणाले, "गुडघ्यांत धंदा आहे."

"दाजी, नको."

पहाट

गुलमोहर शास्त्रशुद्ध तपासून झाड निरोगी असल्याचा कागद तांबेबाईंच्या हातात द्यायचा, आणि मग निघायचं, असा माझा बेत होता. उजाडायच्या आधी खाली उतरलो. मिश्राजींना झाडापासून लांब खुर्चीवर बसवलं. रात्रभरात सगळं निवलं होतं. पडद्यावर बुंधा एकसारखा, मंद केशरी. खोड, फांद्या, सगळं छान. मी मनात कागदावरचं पहिलं वाक्य जुळवायला लागलो.

मग भिंतीच्या बाजूला गेलो. बुडापासून कमरेपर्यंत, हाताच्या पंज्यासारखा, निळा डाग.

मी कॅमेरा बंद करून चालू केला. डाग तिथंच. मिश्राजींना विचारलं, इथं कुणी पाणी टाकलं का? नाही. वरून एसीचं पाणी गळतं का? मान वर करून बघितलं, त्या बाजूला एसीच नव्हता. जमिनीला हात लावला, कोरडी. दुसऱ्या बाजूनं बघितलं, वाकून बघितलं, एक डोळा मिटून बघितलं. आयुष्यात मी एवढ्या आशेनं यंत्र बिघडलेलं असावं अशी इच्छा केली नव्हती.

प्रश्न नुसत्या माझ्या भाषणाचा असता, तर गप्प बसून सांगलीची गाडी पकडता आली असती. पण बाकावर बायका बसत होत्या. मी तिसऱ्या मजल्यावर गेलो.

तांबेबाईंनी दार उघडलं, हसल्या, चहा टाकू का म्हणाल्या. मी उभ्या उभ्या सांगितलं. झाड आतून कुजलेलं असावं. बुडाशी. भिंतीच्या बाजूला.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "परवा सभेत तुम्ही काय म्हणालात?"

"तेव्हा मी तपासलं नव्हतं."

"आणि मधे एक दिवस गेला." त्या शांतपणे म्हणाल्या. "जिग्नेशभाईंनी काय कबूल केलं हो तुम्हाला?"

त्यांनी सोसायट्या देऊ केल्या होत्या आणि मी त्या नाकारल्या होत्या, हे खरं उत्तर होतं, पण ते खोट्यासारखं ऐकू आलं असतं. मी म्हणालो, "काही नाही." आणि मला स्वतःलाच ते पटलं नाही.

दुपारपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं. दारातून येणारे 'केम छो' बंद झाले. अक्काला पाणी भरताना दोघी-तिघींनी टोमणे मारले. जिग्नेशभाई मात्र पेढे घेऊन आले आणि मला मिठी मारली, जिन्यात, सगळ्यांच्या देखत. तेवढं पुरेसं होतं. मी उभा होतो तिथंच लोकांच्या लेखी विकला गेलो.

भाईंदर पश्चिम

अक्का म्हणाली, "नुसतं तोंड पाडून काय बसलायस? दाखव ना त्यांना आत काय आहे ते."

"दाखवायचं तर भोक पाडावं लागेल."

"मग पाड की!"

झाड न भोसकता रोग सांगणाऱ्या यंत्रात सगळी पुंजी घातलेला मी, झाड भोसकायला गिरमिट आणायला भाईंदर पश्चिमेला गेलो. गिरमिट म्हणजे सुताराचं हातानं फिरवायचं, मळसूत्री टोकाचं हत्यार. स्टेशनबाहेरचा तो बाजार म्हणजे फरसाण, पितळी भांडी, छत्र्या आणि भाजी यांची एकमेकांवर पडलेली रांग. हार्डवेअरच्या दुकानात मी माझ्या सांगलीच्या हिंदीत सुरुवात केली, "भैया, वो लकडे को भोक पाडने का गोल गोल घुमानेवाला मिलेगा क्या?" दुकानदारही हिंदीतच विचारत होता, कितना लंबा, कायके वास्ते. मी हातवारे करत होतो, तो डबे उघडत होता, दोघंही घामेघूम. शेवटी तो आतल्या माणसाला ओरडला, "अरे बंड्या, बघ रे, ह्यांना गिरमिट हवंय वाटतं!"

"अहो, तुम्ही मराठी?"

"मग काय तर! राजापूरचा. तुम्ही आधी बोलायचं नाही का?"

दोघंही आपापल्या भाषेत परत आलो आणि दोन मिनिटांत काम झालं.

संध्याकाळी गुलमोहराभोवती सगळी सोसायटी जमली. तांबेबाई सगळ्यांत पुढं, हाताची घडी. मी म्हणालो, "बाई, जागा तुम्ही दाखवा. म्हणजे मी लबाडी केली असं व्हायला नको." त्यांनी आवाराच्या बाजूला बोट ठेवलं. गिरमिट फिरवायला लागलो. बोटं अजून पातेल्याची भाजलेली, त्यामुळे दर फेऱ्याला मी एक नवं तोंड करत होतो. पांढरा, कोरडा, घट्ट भुसा आला. चांगलं लाकूड. गर्दीतून कुणीतरी 'हं' केलं. जिग्नेशभाईंचा चेहरा पडला. माझाही पडला असावा, आणि आम्ही दोघं एका पक्षाचे आहोत हे पुन्हा सगळ्यांनी बघितलं.

"आता यंत्र म्हणतंय तिथं," तांबेबाई म्हणाल्या.

भिंतीच्या बाजूला मी गिरमिट टेकवलं. साल जाईपर्यंत जोर लागला. मग जोर लागेनासा झाला. गिरमिट लोण्यात गेल्यासारखं सरळ मुठीपर्यंत आत गेलं. ओढून काढलं, तर मळसूत्रात काळपट, ओला, चहाच्या चोथ्यासारखा लगदा, आणि मागोमाग कुबट वास.

मला आनंद व्हायला हवा होता. तांबेबाई पुढं आल्या, त्यांनी तो लगदा चिमटीत घेतला, बोटांत चोळला, आणि पदराला न पुसता तसाच हात बाजूला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मी उगाच बोलले तुम्हाला."

"नाही, नाही," मी म्हणालो. आता सगळे माझ्याकडं आदरानं बघत होते, आणि आदर मला कधीच सोसत नाही. मी लगेच पुढचं व्याख्यान सुरू केलं. "झाड भिंतीच्या बाजूनं कमजोर आहे, म्हणजे पडलं तर भिंतीकडंच पडणार. साधं शास्त्र आहे. फांद्या उतरवायला पालिकेची परवानगी मिळेपर्यंत त्या बाजूला कुणी जायचं नाही. गेटच्या बाजूला बिनधास्त राहा. स्कूटर तिथं लावा, बाक तिथं हलवा." मी खडूनं जमिनीवर रेघच मारून दिली.

दाजींनी तिथल्या तिथं आपली स्कूटर रेघेच्या आत आणून लावली. पार्टनरशिप म्हणजे अशी.

तांबेबाईंनी रेघेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "एवढ्या खात्रीनं बोलणाऱ्या मुलाचा पेपर मी दोनदा तपासायची," त्या म्हणाल्या. आणि मिश्राजींना हाताशी घेऊन बाक त्यांनी पार मागं, पंपाच्या खोलीआड नेऊन ठेवलं. तिथून काही दिसत नव्हतं, हवा येत नव्हती. मला जरा राग आला.

आणखी दोन दिवस राहून मी सांगलीला निघालो.

परत आल्यावर

परवानगीच्या अर्जावर सही कोणी करायची यावर सोसायटीचं एकमत होईना. जिग्नेशभाई म्हणायचे, मी केली तर लोक बोलतील. तांबेबाई म्हणायच्या, माझ्या हातून नको. हे अक्का फोनवर सांगायची.

जुलैमध्ये एका दुपारी पाऊस उघडलेला असताना, वारा नसताना, गुलमोहर पडला. गेटच्या बाजूला. भिंतीकडच्या फांद्या केबलच्या तारांसाठी पूर्वीच तोडलेल्या होत्या, सगळा भार दुसऱ्या अंगाला होता. हे दोन डोळे असलेल्या कुणालाही दिसलं असतं. मी तिथं आठवडाभर डोळ्यांना कॅमेरा लावून फिरत होतो. पावसात पुसल्या गेलेल्या माझ्या खडूच्या रेघेच्या आत एकच वस्तू होती, दाजींची स्कूटर. तिची लांबी आता पूर्वीपेक्षा जास्त आहे आणि उंची बरीच कमी.

दाजी माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. कॅमेरा सध्या मिरजेच्या एका कारखान्यात भाड्यानं जातो आणि विजेचे पॅनेल बघतो. त्याला ते येतं.

तांबेबाईंचा फोन झाड पडलं त्याच संध्याकाळी आला होता. मी फोन कानाला लावून उभा राहिलो, शिक्षा झालेल्या मुलासारखा.

"सांगलीकर, तुमचं निदान बरोबर निघालं. सल्ला मात्र शून्य मार्कांचा." त्यांच्यामागं आवाराचा गलका ऐकू येत होता, कुऱ्हाडीचे घाव, मिश्राजींचा आवाज. "पाऊस उघडला म्हणून आम्ही सगळ्या दुपारीच पंपाच्या खोलीमागं बसलो होतो. आवाज झाला तसं धावलो. कुणाला काही झालं नाही. मी काय केलं माहितीय? जाऊन आधी बुंध्याला हात लावला. तिथंच, भिंतीच्या बाजूला."

"बरं."

"थंड होता हो. खरंच थंड होता."

पावसात भिजलेलं लाकूड सगळीकडूनच थंड लागतं. हे शास्त्र माझ्या ओठांवर आलं होतं, पुस्तिकेच्या पानासकट. पण का कोण जाणे, त्या दिवशी मी ते बोललो नाही. नुसतं म्हणालो, "हो बाई. तिथंच होतं ते."

"हं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सावकाश फोन ठेवला.